एनसीसीच्या कोतातली जुनी थ्री नॉट थ्री : खुणा वाचायला मदत हवी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि एनसीसीचं कामही बघते. आमच्या कोतात (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) ड्रिलसाठीच्या जुन्या .३०३ रायफली आहेत. त्यांतली एक बाकीच्यांपेक्षा जुनी वाटली, म्हणून बटालियनची परवानगी घेऊन तिच्यावरच्या खुणा टिपून घेतल्या. मुलांसाठी तिच्याबद्दल एक माहितीफलक लावायचा आहे. फोटो टाकता येणार नाहीत आणि नंबरही मुद्दाम देत नाही. जे दिसलं ते लिहिते.

बोल्टच्या (गोळी आत ढकलून नळी बंद करणाऱ्या दांड्याच्या) मुठीखाली, लाकडी बट जिथे लोखंडात बसतो त्या पट्टीवर उजव्या बाजूला वरून खाली : मुकुट, जी.आर., बीएसए कं., १९१७, एसएचटी एलई, आणि शेवटी रोमन तीन व त्याला लागून तारा.

त्याच पट्टीच्या डाव्या बाजूला ‘एफटीआर’ आणि ‘५३’. जवळच वेगळ्या ठशात ‘डीपी’.

बटावर बाणाचं चिन्ह, त्याखाली ‘आय’. बटाच्या वरच्या कडेला एकटाच ‘एस’.

मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू. कोतातल्या काही रायफलींना तो आहे, काहींना नाही.

बॉडीवरचा (मुख्य लोखंडी सांगाड्यावरचा) नंबर आणि बोल्टवरचा नंबर जुळत नाहीत. नळीला चेंबरपाशी, म्हणजे गोळी बसते तिथे, भोक पाडलेलं आहे आणि लाकडावर पांढरे पट्टे आहेत.

विचारण्यामागे घरचंही एक कारण आहे. माझे पणजोबा ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुतच्या वेढ्यात पकडले गेले. ही रायफल त्यांच्या पलटणीतली असण्याची काही शक्यता आहे का?

इतिहासवेडा

जी.आर. म्हणजे जॉर्ज राजा, साल १९१७, म्हणजे पहिलं महायुद्ध. आणि सातारा जिल्हा! मेसोपोटेमियाहून परत आलेलीच असणार. फलकावर बिनधास्त लिहा, मुलांना स्फुरण चढेल.

जुनापुराणा

इतिहासवेडा, थोडं थांबा. मॅडमनी इतकं नीट टिपलंय की बरंच काही नक्की सांगता येतं. पण ते नाही.

आधी उजवी बाजू. ही रायफलीची जन्मनोंद समजा. मुकुट आणि जी.आर. म्हणजे जॉर्ज रेक्स, इथे पाचवा जॉर्ज. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, कारखाना बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागात. आपल्याकडे हे नाव सायकलींमुळे घरोघरी गेलं, पण कंपनी मुळात १८६१ मध्ये बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली. तिच्या मोटारसायकलींवरही एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचं चिन्ह असायचं. एसएचटी एलई म्हणजे शॉर्ट ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडात जन्मलेल्या माणसाचा बोल्ट आणि मॅगझिन, आणि लंडनच्या उत्तरेला असलेल्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात ठरवलेले नळीतले आटे, असं ते जोडनाव. ‘शॉर्ट’ कशासाठी? तर पायदळाची लांब रायफल आणि घोडदळाची आखूड कार्बाइन या दोन्हींऐवजी एकच मधली, साडेचव्वेचाळीस इंचांची रायफल १९०३-०४ पासून सगळ्यांना दिली गेली.

आता तारा. मार्क म्हणजे आवृत्ती, ठशातला रोमन तीन तोच. मार्क तीन १९०७ चा. युद्ध पेटल्यावर कारखान्यांना एवढं बारीक काम परवडेना, म्हणून १९१६ मध्ये मार्क थ्री स्टार मान्य झाला. त्यात तीन गोष्टी गळल्या. मॅगझिन बंद ठेवून एकेक गोळी भरता यावी म्हणून असलेली ‘कट-ऑफ’ पट्टी. डाव्या अंगाची, २,८०० यार्डांपर्यंत पलटणीने एकत्र मारा करायची लांब पल्ल्याची साइट, म्हणजे नेम धरायची खूण. आणि मागच्या साइटवरचा वाऱ्यासाठी डावी-उजवी करायचा स्क्रू. तुमच्या रायफलीवर या तिन्ही नसतील तर वरचा ठसा आणि वस्तू जुळतात. नुसता ठसा वाचून थांबू नये, हे मुलांनाही दाखवा.

आणि कुत. ६ व्या पूना डिव्हिजनने कुतला शस्त्रं खाली ठेवली ती २९ एप्रिल १९१६ रोजी. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. तुमची रायफल १९१७ ची आहे. पणजोबा कैदेत होते तेव्हा ती बर्मिंगहॅममध्ये तयार होत होती. त्यामुळे ही त्यांच्या हातातली नाही, एवढं ठामपणे म्हणता येतं.

कृष्णाकाठ

जुनापुराणा, मनापासून आभार. वाईट वाटलं, पण हे आधीच कळलं ते फार बरं झालं. मी फलकाचा मसुदा तसाच करणार होते. कट-ऑफ आणि डावीकडची साइट दोन्ही नाहीत, आत्ता पाहून आले. मागच्या साइटला बाजूचा स्क्रूही नाही.

मग कुतची नसली तरी नंतर मेसोपोटेमियात गेली असेल? १०५ वी मराठा पुढेही तिथे लढत होती ना?

जुनापुराणा

हो, १०५ वी होती. पण रायफल कुठल्या पलटणीत होती हे सांगणारी एकच हमखास जागा असते : बटाच्या उजव्या बाजूची रुपयाएवढी पितळी चकती. तिच्यावर पलटणीचं नाव आणि हत्यार क्रमांक कोरत. तुमच्या टिपणात चकती नाही. युद्धाच्या मधल्या काळापासून ती बसवणं बंद पडत गेलं, १९१७ च्या रायफलीवर नसणं स्वाभाविक आहे. चकती नाही, तर पलटण नाही. अंदाजाने नाव जोडू नका.

बाणाखाली ‘आय’ ही मात्र फार मोलाची खूण. रुंद बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, आणि त्यासोबतचं अक्षर कुठल्या सरकारची ते सांगतं. ‘आय’ म्हणजे हिंदुस्थान सरकार. ‘सी’ च्या पोटात बाण असला तर कॅनडा, ‘यू’ मध्ये असला तर दक्षिण आफ्रिका, ‘एन’ आणि ‘झेड’ च्या मध्ये असला तर न्यूझीलंड. म्हणजे बर्मिंगहॅममध्ये जन्मलेली ही रायफल हिंदुस्थानच्या हिशेबात जमा झाली, एवढं नक्की. कधी झाली, ते ही खूण सांगत नाही.

‘एस’ म्हणजे शॉर्ट बट. सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे बट वेगवेगळ्या मापाचे मिळत. नेहमीच्या बटावर काही नसे, अर्धा इंच आखूड असेल तर ‘एस’, लांब असेल तर ‘एल’, अगदी आखूड असेल तर ‘बी’. अर्थात बट बदलता येतो, त्यामुळे पहिल्या मालकाच्या उंचीबद्दल काही म्हणू नये.

निवृत्त आर्मरर

नमस्कार ताई. मी लष्कराच्या ईएमईत, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या कोअरमध्ये, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो. थ्री नॉट थ्री शेकड्यांनी उघडल्यात आणि लावल्यात. डाव्या बाजूचं मी सांगतो.

एफटीआर म्हणजे फॅक्टरी थरो रिपेअर. युनिटात होते ती दुरुस्ती वेगळी. एफटीआरला रायफल कारखान्यात जाते, पूर्ण सुटी होते, प्रत्येक पार्ट गेजवर तपासतात, जो बसत नाही तो काढून टाकतात. नळी गेलेली असली तर नळीसुद्धा नवी. शेवटचा आकडा सालाचा. ५३ म्हणजे १९५३. म्हणजे तुमची रायफल छत्तीस वर्षांची झाल्यावर तिला दुसरा जन्म मिळाला, तोही स्वतंत्र भारतात. त्या काळात हे काम इशापूरला व्हायचं, बंगालात, हुगळीकाठी.

तो आडवा स्क्रूही तिकडचाच. फोर-एंडचं, म्हणजे नळीखालचं पुढचं लाकूड धक्क्याने फाटू नये म्हणून इशापूरने आरपार स्क्रू घालायला सुरुवात केली. विलायतेतून बाहेर पडलेल्या रायफलीला तो नसतो. बीएसएच्या रायफलीला असला म्हणजे ती इशापुरातून जाऊन आली, किंवा निदान तिचं लाकूड तरी तिकडचं आहे. ठसा वाचता आला नाही तरी हा स्क्रू लांबून ओळखू येतो.

नंबर जुळत नाहीत म्हणता. जुन्या रायफलीत नंबर किती ठिकाणी असतो बघा : बॉडी, बोल्टची मूठ, नळी, पुढची नोज कॅप, मागच्या साइटची पट्टी खालून. कारखान्यातून निघताना सगळे एक. बोल्ट प्रत्येक बॉडीला घासूनपुसून बसवलेला असतो, म्हणून गोळी चालवायच्या रायफलीत दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घालणं आमच्यात गुन्ह्यासारखं धरत. हेड स्पेस, म्हणजे बोल्ट आणि गोळीच्या बुडामधली जागा, चुकली तर पुंगळी मागे फाटते आणि गॅस थेट तोंडावर येतो. डीपी झाल्यावर मात्र कुणी बघत नाही, ड्रिलनंतर पोरं बोल्ट काढून ढिगात टाकतात आणि हाताला लागेल तो घालतात. तुमचा बोल्ट तसाच बदलला असेल.

डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. तिच्यातून कधीच गोळी चालवायची नाही. चेंबरचं भोक आणि पांढरे पट्टे त्यासाठीच.

एक हात जोडून विनंती. फलक लावताना रायफल चमकवायला जाऊ नका. रेगमाल नको, ब्रासो नको. ठसे आधीच उथळ असतात, दोनदा घासले की गेले. लाकडाला अळशीचं तेल अगदी थोडं, हाताने चोळून. लोखंडाला तेलाची चिंदी. पुरे.

खडकीची लेक

काका, ‘चिंदी’ वाचून एकदम बाबांचा आवाज ऐकू आला. बाबांची सगळी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत झाली.

कृष्णाकाठ, फलकावर गोळीबद्दलही लिहा. .३०३ च्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ दिसलं तर ती किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. जुन्या पुंगळ्यांवर दोन अक्षरांच्या मध्ये बाण असतो. सोबत सालाचे दोन आकडे आणि गोळीचा मार्क, जुन्यांवर रोमन सात, नंतरच्यांवर साधा सात. ‘डी’ आणि ‘आय’ असेल तर कोलकात्याजवळची डमडम. खडकीचा कारखाना १८६९ चा. इंग्लंडची रायफल, बंगालमध्ये दुरुस्ती आणि पुण्याची गोळी, हे मुलांना नकाशावर दाखवता येईल.

जुनापुराणा

वा! हे सुटलंच होतं. भर घालतो : .३०३ हे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इंचात, म्हणजे ७.७ मिमी. गोळी १८८८ पासूनची, सुरुवातीला काळ्या दारूची, काही वर्षांतच कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. टोकदार मार्क सात १९१० ची. त्याआधीची मार्क सहा बोथट नाकाची होती.

विदर्भवासी

आमच्या काकांकडे परवान्याची .३१५ आहे, तीही इशापूरचीच आणि बोल्ट हुबेहूब असाच. मग ती हीच रायफल का?

जुनापुराणा

भावंड म्हणा. .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून इशापूरने त्याच ली-एनफिल्डच्या बॉडी-बोल्टवर ८ मिमी मॅनलिखर जातीची गोळी घेणारी स्पोर्टिंग रायफल बनवली, तीच .३१५. कुणाच्या माळ्यावर, वाड्यात परवान्याशिवायची ‘पणजोबांची थ्री नॉट थ्री’ निघाली तर तिच्या खुणा इथे विचारत बसू नका. ती हाताळू नका, आधी पोलीस ठाण्याला कळवा. ओळख नंतरही पटवता येते.

यारातीर

मेलबर्नहून लिहितोय. इथे बोल्ट ॲक्शन रायफल परवान्यावर ठेवता येते. माझ्याकडे लिथगोची, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रायफल कारखान्याची आहे, १९४२ ची. उजव्या बाजूला जी.आर. खाली ‘एमए’, ‘लिथगो’ आणि साल. लाकडावर ‘स्लॅझ’ आणि ‘४२’ आहे. बटावर ‘२ एमडी’. लिथगोचं कळलं, बाकी काय?

जुनापुराणा

स्लॅझ म्हणजे स्लॅझेंजर, टेनिसच्या रॅकेटवाली! युद्धात तिच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने रायफलींचे लाकडी भाग केले. लाकूडही बघा, बीएसएच्या अक्रोडापेक्षा फिकं असेल, ते तिकडचं कोचवुड. २ एमडी म्हणजे दुसरा मिलिटरी डिस्ट्रिक्ट, न्यू साउथ वेल्स. सुट्या भागांवर छोटं ‘ओए’, ‘बीए’ किंवा ‘एफए’ दिसेल. ऑरेंज, बॅथर्स्ट, फोर्ब्स या गावांमध्ये लिथगोला भाग पुरवणारे जोडकारखाने काढले होते. एकेक स्क्रू कुठल्या गावचा ते कळतं अशी ही रायफल आहे, जपा.

ह्यूस्टनकर

धागा फार सुंदर चाललाय. माझ्याही दोन आहेत, टेक्सासात रीतसर घेतलेल्या.

पहिली एका ऑनलाइन लिलावात. मुकुट, व्ही.आर., एनफिल्ड, १९१९. विकणारा ‘दुर्मीळ व्हिक्टोरियन’ म्हणाला होता. आखूड, मॅडमच्या वर्णनासारखीच. अक्षरं थोडी वेडीवाकडी आहेत, एनफिल्डमधला ‘एन’ उलटा वाटतो.

दुसरी नंबर ४, म्हणजे ली-एनफिल्डचंच नंतरचं मॉडेल. डाव्या बाजूला ‘यू.एस. प्रॉपर्टी’. अमेरिकन सैन्याने ली-एनफिल्ड वापरली होती का?

जुनापुराणा

दुसरीचं आधी सांगतो, ते सोपं आहे. अमेरिकन सैन्याने नव्हे. सॅव्हेज कंपनीने मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सला या रायफली ब्रिटनसाठी बनवल्या. लेंड-लीज या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी मदत योजनेखाली त्या कागदोपत्री अमेरिकेच्या मालकीच्या राहिल्या, म्हणून तो शिक्का.

पहिलीबद्दल मात्र गंभीरपणे लिहितो. ती चालवू नका.

व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. शॉर्ट ली-एनफिल्ड तिच्या नंतर आली. म्हणजे नव्याने बनवलेल्या आखूड रायफलीवर व्ही.आर. (व्हिक्टोरिया राणीची अक्षरं) असूच शकत नाही, मग साल कुठलंही असो. १९१९ ला राजा होता पाचवा जॉर्ज, तिथे जी.आर. हवं. आणि उलटा ‘एन’ ही तर ठरलेली खूण. ही सरहद्दीवरची, पेशावर आणि कोहाटच्या मधल्या दर्रा आदमखेल भागातल्या कारागिरांची नक्कल असणार. तिकडे घराघरात हातहत्यारांनी रायफली बनत. समोर ठेवलेल्या रायफलीवरची अक्षरं चित्र काढावं तशी उतरवत, ती वाचता येत नसत. म्हणून अक्षरं उलटी होतात, मुकुटाचा आकार बिघडतो, एका राजाची अक्षरं आणि दुसऱ्याच राजाचं साल एकत्र येतं. हस्तकला म्हणून थक्क करणारं काम आहे. पण पोलाद कुठलं, त्याला पाणी कसं दिलं, कुणी तपासलेलं नसतं.

खात्री करायची असेल तर प्रूफचे, म्हणजे नळीची ताकद तपासल्याचे शिक्के शोधा. एनफिल्डच्या रायफलीत बॉडी, नळी आणि बोल्ट तिन्हींवर मुकुटाखाली फुलीसारखे दोन झेंडे असतात, आणि जागोजागी मुकुटाखाली आकडा-अक्षर असलेले तपासनिसांचे बारीक ठसे. नक्कल करणारा मोठा ठसा उतरवतो, हे चिमुकले ठसे बहुधा गाळतो किंवा एकच सगळीकडे मारतो.

निवृत्त आर्मरर

ह्यूस्टनकर साहेब, जुनापुराणांचं ऐका. भिंतीवर लावा. फायरिंग पिन काढून ठेवा म्हणजे घरातलं दुसरं कुणी हौसेनं चालवणार नाही.

ह्यूस्टनकर

पाहिलं. झेंडे नाहीत. बारीक ठसे चार आहेत आणि चारही सारखेच. पिन काढली. धन्यवाद, मुलगा पुढच्या महिन्यात रेंजवर नेणार होता.

इतिहासवेडा

मॅडम, मग फलकावर मराठ्यांचं काहीच येणार नाही? जिल्ह्यातल्या एवढ्या घरांमधून माणसं गेली होती.

जुनापुराणा

येऊ द्या की, पण वेगळ्या फलकावर. पणजोबांची गोष्ट या रायफलीच्या आधाराशिवायही पूर्ण उभी राहते. ११० वी पुढे १९२२ मध्ये ३/५ मराठा लाइट इन्फंट्री झाली. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे, तिथून सुरुवात करा. कुतच्या पलटणींच्या युद्धदिनांकिका लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही, त्यांनी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत नाव शोधावं. रायफलीच्या फलकावर रायफलीचंच लिहा.

कृष्णाकाठ

पटलं. दोन फलक करतेय.

आणि एक बातमी. वार्षिक तपासणीला बटालियनचे आर्मरर आले होते. धागा त्यांना वाचून दाखवला, त्यांनी माझ्यासमोर वरचा हँडगार्ड, म्हणजे नळीवरचं लाकूड, उघडला. नळीच्या बुडाशी मुकुट नाही, बीएसए नाही. अशोकाचे सिंह, ‘आरएफआय’ आणि ‘५३’. नळीवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो!

निवृत्त आर्मरर

मग सगळं बसलं ताई. आरएफआय म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. एफटीआरला जुनी नळी बाद झाली, नवी चढवली आणि तिच्यावर बॉडीचाच नंबर मारला. कारखान्यात तसंच करायचे. बोल्टही तेव्हा जुळताच असणार, तो कोतात हरवला. तुमच्याकडे बाकी रायफली किती आहेत? सगळ्यांचे बोल्ट टेबलावर मांडून नंबर वाचा, कदाचित शेजारणीत सापडेल.

कृष्णाकाठ

शनिवारच्या परेडनंतर मुलांना हेच काम देते. फलकाचा मजकूर असा ठरवलाय : ‘बॉडी : बर्मिंगहॅम, १९१७. नळी : इशापूर, १९५३. हिंदुस्थान सरकारची मालमत्ता म्हणून नोंद. नंतर ड्रिलसाठी निकामी केली. पलटण : नोंद नाही.’

जुनापुराणा

‘पलटण : नोंद नाही’ ही ओळ कुणी सुचवलं तरी काढू नका. आणि बोल्ट सापडला तर इथे कळवा.